पाण्याची वही

2016 च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणले गेले, हे वाचकांना आठवत असेल. पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधी मार्चपासूनच शहरातील पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा आदेश लागू झाला होता. त्याच एप्रिलमध्ये आमच्या शाळेत, म्हणजे त्याच जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, नववीची वार्षिक परीक्षा झाली आणि मराठीच्या प्रश्नपत्रिकेत कल्पनाप्रधान निबंधासाठी विषय आला : ‘पाऊस पडला नाही तर…’.

प्रश्नपत्रिका आम्हीच काढली होती. आम्ही म्हणजे त्या शाळेत मराठी शिकवणारे तिघे जण. विषय निवडताना त्यातील विसंगती आम्हां तिघांपैकी एकालाही जाणवली नाही, कारण हा विषय दर दोन-तीन वर्षांनी येतोच, आणि त्याचे उत्तर कसे असते हेही ठरलेले असते. उत्तरपत्रिकांत ते तसेच आले. पाऊस पडला नाही तर मोर नाचणार नाहीत, इंद्रधनुष्य दिसणार नाही, कागदाच्या होड्या सोडता येणार नाहीत, कवींना कविता सुचणार नाहीत. शेवटी ‘अरे बापरे, ही कल्पनाच सहन होत नाही’ असा उद्गार आणि ‘म्हणून झाडे लावा’ हा उपदेश. पाऊस खरोखरच न पडलेल्या गावात, सकाळी घागर भरून मग परीक्षेला आलेल्या मुलांनी हे लिहिले, आणि आम्ही त्यांना दहांपैकी सात-आठ गुण दिले.

एका मुलीने मात्र तसे लिहिले नाही. रात्री दोन वाजता येणारा टँकर, घागरीवर रंगाने लिहिलेले आडनाव, माणूस झोपला तरी रांगेत घागर जागा धरून बसते ही गोष्ट, असे तिने साध्या वाक्यांत लिहिले होते. शेवटी होते की, या उन्हाळ्यात आत्या माहेरी आली नाही. पाहुणा आला की रोज दोन घागरी जास्त लागतात, म्हणून तिनेच फोन करून येत नसल्याचे कळवले. निबंध तेथेच संपला होता. आम्ही तिला चार गुण दिले आणि बाजूला तांबड्या शाईने शेरा लिहिला : ‘विषयांतर. कल्पनाविस्तार कमी.’ (ती मुलगी आता नोकरी करते. हे लिहिण्यास तिने हसून होकार दिला. गुणांबद्दल मात्र ती हसली नाही.)

या लेखाचा विषय तो शेरा नाही. तो शेरा मारण्याइतके आम्ही तयार कसे झालो, हा आहे.

माध्यमिक शाळेतील मराठीच्या तासाला दोन कप्पे असतात आणि त्यांच्यामध्ये भिंत असते. एका कप्प्यात रसग्रहण : कवीने समर्पक शब्दयोजना केली आहे, अमुक अलंकारामुळे कवितेस सौंदर्य प्राप्त झाले आहे, कविता वाचकाच्या मनाला भिडते. ही वाक्ये कोणत्याही कवितेला चालतात. दुसऱ्या कप्प्यात निबंध. आपल्या निबंधपरंपरेची एक गंमत आम्हांला नेहमी वाटत आली आहे. तिने नदीला तोंड दिले, वृक्षाला दिले, फाटक्या पुस्तकाला आणि पडक्या किल्ल्याला आत्मवृत्त सांगू दिले. ज्याच्या हातात लेखणी आहे त्या चौदा वर्षांच्या मुलाला मात्र स्वतःचे दोन शब्द बोलायला तिने क्वचितच सांगितले. 2018 साली दहावीचे नवे पाठ्यपुस्तक आले, प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, ‘स्वमत’ आणि ‘अभिव्यक्ती’ हे शब्द रूढ झाले. हेतू चांगला होता. पण वर्षभरातच बाजारात स्वमतांचे संच आले आणि मुले दुसऱ्याचे स्वमत पाठ करू लागली.

आमचे म्हणणे असे की, ही भिंत पाडायची तर दोन्ही कप्प्यांना धरून ठेवील अशी एखादी गोष्ट हवी, आणि साहित्यातील ‘कल्पनाबंध’ ही ती गोष्ट होऊ शकते. हा शब्द आपल्याकडे मुख्यतः लोकसाहित्याच्या अभ्यासातून आला. सावत्र आई, बोलणारा पक्षी, उघडू नये ती खोली, असे घटक कथेकथेतून हिंडतात; त्यांच्या सूची झाल्या, वर्गीकरणे झाली. शाळेत एवढे अवजड काही नको. मुलांना आम्ही पैठणीच्या पदरावरची बुट्टी दाखवतो. एकच मोर पुन्हा पुन्हा येतो. पण काठाजवळचा मोर आणि पदराच्या मधला मोर एकच काम करत नाहीत. कल्पनाबंध म्हणजे असे परतून येणे. प्रतीकाशी त्याची गल्लत होते, आणि प्रतीक शाळेत एकदा शिरले की त्याचा शब्दकोश होतो : दिवा म्हणजे ज्ञान, कमळ म्हणजे पावित्र्य, पाणी म्हणजे जीवन. यांतले शेवटचे समीकरण तर फारच विनोदी आहे. ‘जीवन’ या शब्दाचा एक अर्थच मुळी पाणी असा आहे, तेव्हा मुले ‘पाणी म्हणजे पाणी’ असे लिहून दोन गुण मिळवत असतात.

2016 च्या जूनपासून आम्ही दहावीच्या त्याच वर्गाला एक वेगळी वही करायला सांगितली. नाव साधेच : पाण्याची वही. डाव्या पानावर वाचलेल्या कवितेतले, कथेतले पाणी टिपायचे. ते कोठून येते, कोणाच्या हाती असते, कोणाला मिळते, जाताना काय नेते. उजव्या पानावर स्वतःचे पाणी. वहीत ‘म्हणजे’ हा शब्द वापरायचा नाही, एवढा एकच नियम. पहिले दोन महिने काही घडले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. डावीकडे ‘कवीने पाण्याचे सुंदर वर्णन केले आहे’ आणि उजवीकडे ‘पाणी जपून वापरावे’. पाठ्यपुस्तकाची सवय वहीच्या नावाने सुटत नाही.

मग एका ऑफ तासाला आम्ही कुसुमाग्रजांची ‘कणा’ वाचली. ही कविता न ऐकलेला मराठी माणूस विरळा. पुराने घर गेलेला जुना विद्यार्थी पावसात सरांकडे येतो, पैसे नाकारतो, पाठीवर हात मागतो. गॅदरिंगमध्ये ती इतक्या वेळा म्हटली जाते की ती आता ऐकू येईनाशी झाली आहे. शेवटच्या टाळ्या तेवढ्या ऐकू येतात. वर्गातही चर्चा लगेच जिद्द आणि आशावाद यांवर गेली. तेव्हा त्या निबंधवाल्या मुलीने विचारले की, या कवितेत नदी माहेरवाशिणीसारखी घरात येते आणि सगळे घेऊन जाते. पण माहेरवाशीण स्वतः उचलून काही नेत नाही. तिची ओटी भरतात, तिला द्यावे लागते. मग हा माणूस असे का बोलतो?

आम्ही ही कविता पंधरा वर्षे शिकवत होतो आणि हा प्रश्न आम्हांला पडला नव्हता. प्रश्न पडताच कविता हलली. त्या माणसाने आपल्या सर्वनाशाला नात्याचे नाव दिले आहे. ज्याने लुटले त्याला लुटारू म्हटले तर तक्रार करावी लागते, दाद मागावी लागते. लेक म्हटले की जे गेले ते आपणच दिल्यासारखे होते. पैसे नाकारणारा शेवटचा ताठपणा या पहिल्याच उपमेत तयार झालेला आहे. कणा आधी शब्दांत ताठ झाला आहे. आणि कवितेत आणखी एक बाई आहे, पुरातून वाचलेली बायको. ती एकही शब्द बोलत नाही, नुसती नवऱ्याबरोबर भिंत बांधते. माहेरवाशीण नाचून गेली आणि सासुरवाशीण चिखल काढत राहिली, हे वाक्य त्या दिवशी वर्गातच कोणीतरी उच्चारले. कोणी, ते आता आठवत नाही.

त्या मुलीला हे का दिसले, ते उघड आहे. तिच्या घरी त्या उन्हाळ्यात माहेरवाशीण आली नव्हती, आणि न येण्याचे कारणही पाणीच होते. एका घरी पाणी माहेरवाशीण होऊन आले, दुसऱ्या घरी पाण्याने माहेरवाशिणीला अडवले. तिने आपला अनुभव कवितेवर चिकटवला नाही. त्या अनुभवाने तिला माहेरपणाचे नियम नीट ठाऊक करून दिले होते, आणि म्हणून कवीने कोणता नियम मोडला हे तिला कळले. आणि तिचा अनुभवही आधी लिहिलेला होता, परीक्षेत, चार गुणांच्या निबंधात. न लिहिलेला अनुभव वाचनाच्या कामी येतो की नाही, याची आम्हांला शंका आहे.

त्यानंतर वही चालू लागली. ‘बनगरवाडी’तल्या दुष्काळात पाणी नसण्यानेच गाव उठते, म्हणून डाव्या पानावर ‘नसलेले पाणी’ असा रकाना झाला. तुकोबांच्या वह्यांची कथा सगळ्यांना माहीत होती. पण नेलेले परत देणारे पाणी हे एवढेच, अशी नोंद एकाने केली. दया पवारांच्या धरण बांधणाऱ्या बाईच्या कवितेपाशी वर्ग बराच रेंगाळला. तेथे पाण्याशी नाते नाही, मजुरी आहे. बाई पाणी अडवते आणि पाणी दुसऱ्याच्या शिवारात जाते. ‘कणा’तल्या माणसाला निदान नदीला लेक म्हणण्याची सोय आहे, या बाईला तीही नाही, असे दोन कविता शेजारी ठेवल्यावर दिसले. रसग्रहणाच्या कोणत्याही ठरीव वाक्यात हे बसले नसते.

या पद्धतीवर आमच्याच एका सहकाऱ्यांचा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. ते म्हणतात, मुलांना स्वतःबद्दल लिहायला लावले की साहित्याचा आरसा होतो. ‘माझ्याही आईने असेच केले’ म्हटले की वाचन थांबते. दुसऱ्याचे जग समजून घेण्यासाठी पुस्तक हाती घ्यायचे आणि त्यात आपलेच तोंड पाहून मिटायचे, हे कसले साहित्यशिक्षण? असे घडते, हे आम्ही नाकारत नाही. वहीतली निम्मीअधिक उजवी पाने अशीच आहेत. पण दुसरेही घडते, आणि त्याचे उदाहरण ‘श्यामची आई’चे आहे.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात पाणी जागोजागी आहे. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मार देऊन विहिरीवर पाठवते, ती गोष्ट मुलांना आवडते. दुसऱ्या एका प्रसंगात, अस्पृश्य मानलेल्या जातीतील एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते आणि तिला कोणी हात लावीत नाही. आई श्यामला सांगते की, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि मग घरी येऊन अंघोळ कर. एका मुलाने डाव्या पानावर पहिल्यांदा नोंद केली ती अपेक्षित होती : श्यामची आई दयाळू होती, तिने भेदभाव मानला नाही. त्यानंतर उजवे पान आहे. त्यानंतर पुन्हा डावे पान, आणि तेथे त्याच प्रसंगाची दुसरी नोंद. तीत त्याने लिहिले होते की, आईने मोळी द्यायला सांगितले ते खरे आणि अंघोळ करायला सांगितले तेही खरे. विहिरीत उडी मारायला शिकवणारे पाणी आणि शिवलेले धुऊन काढणारे पाणी एकाच घरातले आहे. त्या म्हातारीला त्या विहिरीचे पाणी मिळत होते का, हे गोष्टीत सांगितलेले नाही.

पुस्तकावर त्याने राग काढला नव्हता. आईचा कळवळा त्याने खोटा ठरवला नव्हता. त्या काळी एक चांगली बाई कोठपर्यंत जाऊ शकली आणि कोठे थांबली, ती जागा त्याने बोटाने दाखवली. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे झाले, ते आम्ही त्या आठवड्यात वर्गात सांगितले. इतिहासाच्या पुस्तकात ते होतेच. ते मराठीच्या तासाला येण्यासाठी ही नोंद यावी लागली. त्या गोष्टीच्या काळानंतर मराठीत ‘पाणी’ या शब्दाचे वजन किती बदलले, हे तळे वगळून सांगताच येत नाही.

दोन नोंदींच्या मधल्या उजव्या पानावर काय होते, ते येथे सांगणार नाही. त्याचे कारण पुढे येईल.

परीक्षेचे काय, हा प्रश्न शिक्षक वाचक विचारतीलच. त्याचे उत्तर थोडक्यात असे. वहीला गुण नाहीत, पण वहीतल्या डाव्या पानांवरून अंतर्गत तोंडी परीक्षा घेता येते. आम्ही ती घेतो. मंडळाच्या परीक्षेत या मुलांना इतरांपेक्षा जास्त गुण मिळाले असे आम्ही म्हणू शकत नाही. काही जणांना कमी मिळाले असावेत, कारण त्यांना ‘समर्पक शब्दयोजना’ लिहिण्याचा कंटाळा येऊ लागला होता. पालकांपैकी दोघे विचारायला आले. त्यांची काळजी रास्त होती, आम्ही मार्गदर्शिकेतली उत्तरेही शिकवतो असे सांगून त्यांना शांत केले, आणि शिकवलीही. एका बाजूने हा ढोंगीपणा आहे. पण तालुक्याच्या गावी दहावीच्या गुणपत्रिकेवर मुलीचे पुढचे शिक्षण ठरते की लग्न, हे ज्याने पाहिले आहे तो या ढोंगीपणाला फार नावे ठेवणार नाही.

आम्हांला खरी अडचण वाटते ती वेगळीच. मुलाला ‘तुझे लिही’ म्हणण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? शहरातल्या, एकाच थरातल्या मुलांच्या वर्गात आजोळच्या विहिरीच्या आठवणी लिहून घेणे सोपे असते. आमच्या वर्गात ज्याच्या शेतात विहीर आहे तो आणि ज्याची आई त्या शेतात खुरपायला जाते तो, असे दोघे एका बाकावर बसतात. दोघांनी ‘आमची विहीर’ या विषयावर लिहिले तर एकाचे लिहिणे वर्णन होते आणि दुसऱ्याचे कबुलीजबाब. मराठीत दलित आत्मकथनांनी जे केले ते मोठ्या माणसांनी, आपल्या निर्णयाने, आपल्या वेळी केले. दया पवारांचे ‘बलुतं’ 1978 साली आले, तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या पुढे होते. आणि ते छापल्यावर आपल्याच माणसांकडूनही त्यांना ऐकून घ्यावे लागले. तेच आम्ही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाकडून, तासाच्या पस्तीस मिनिटांत, हजेरीच्या क्रमाने मागावे काय?

याचे उत्तर आम्ही चुकून शिकलो. त्या मुलाचे उजवे पान आम्हांला फार आवडले. आमच्यापैकी एकाने ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवले. नाव घेतले नाही, पण बेचाळीस मुलांच्या वर्गात नाव घ्यावे लागत नाही. वाचून झाल्यावर कौतुकही केले, टाळ्या वाजवायला सांगितल्या. मुलांनी वाजवल्या. तो खाली पाहत होता, आणि आम्हांला वाटले, लाजला असेल.

त्यानंतर नियम बदलले. उजवे पान दुमडून त्याला टाचणी लावण्याची मुभा आहे आणि टाचणी लावलेले पान शिक्षकही उघडत नाहीत. ‘मी’ऐवजी ‘तो’ किंवा ‘ती’ लिहिले तरी चालते; कोणाबद्दल आहे हे विचारायचे नाही. उजवे पान मोठ्याने वाचायचे नाही, चांगले असले तर मुळीच नाही. आणि उजवे पान कोरे ठेवण्याचा हक्क सर्वांना आहे, त्याचे कारण सांगावे लागत नाही. यामुळे आम्हांला पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी कळते. शिक्षकाला विद्यार्थ्याबद्दल सारे कळलेच पाहिजे, ही हाव आमच्या पिढीत थोर मानली गेली. ती सोडायला वेळ लागला.

त्या मुलाने वही सोडली नाही. वर्ष संपेपर्यंत तो डावी पाने लिहीत राहिला, आणि वर्गातली सगळ्यांत बारकाईने लिहिलेली डावी पाने त्याचीच आहेत. दहावीचा निकाल लागल्यावर दाखला न्यायला आला तेव्हा वही त्याने स्टाफरूमच्या टेबलावर ठेवली आणि गेला. ती अजून आमच्या कपाटात आहे. त्या टाळ्यांच्या दिवसानंतरचे प्रत्येक उजवे पान कोरे आहे. एकही दुमडलेले नाही.